साडेसात चौरस मीटर आणि एकशे एकोणसाठ दिवस

फेब्रुवारी २०२५ मधला गुरुवार. पॅरिसच्या उत्तरेकडच्या उपनगरातल्या एका कामगार-वसतिगृहात पुनर्वसन रुग्णालयाचा फोन येतो: खुब्याचं हाड मोडलेले तुमचे रहिवासी सोमवारी घरी सुटतायत, खोली तयार आहे ना? खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही. रहिवाशाचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय, आणि डिसेंबरपासून त्याच्या पेन्शनची वरची भर बंद आहे. ती का बंद आहे, हे कोणालाच ठाऊक नाही.

हे प्रकरण एका माणसाचं नाही. अशा अनेक फायलींत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एकत्र बांधलंय, म्हणून माणसाला नाव नाही. नियम, रकमा आणि मुदती मात्र खऱ्या आहेत. वय ७८, गाव दक्षिण मोरोक्कोत अगादीरच्या मागच्या डोंगरात, १९७० पासून फ्रान्समध्ये, सगळी हयात बांधकामावर. बायको आणि चार मुलं गावी. फोयेत, म्हणजे या वसतिगृहात, त्यांना सगळे ‘अम्मी’ म्हणतात. मराठी कानाला हे आईसारखं लागेल, पण मगरेबी, म्हणजे मोरोक्को-अल्जीरियाकडच्या, अरबीत अम्मी म्हणजे काका. इथेही त्यांना काकाच म्हणू.

फोये हे काय प्रकरण आहे ते आधी थोडक्यात. अल्जीरियन कामगारांसाठी घरं बांधायला फ्रेंच सरकारने १९५६ मध्ये एक कंपनी काढली. ती पुढे सोनाकोत्रा झाली आणि २००७ पासून तिचं नाव आदोमा आहे. कल्पना अशी, की तरणा माणूस येईल, चार-पाच वर्षं कमावेल आणि परत जाईल. त्या हिशेबाने खोल्या पाडल्या. सुरुवातीच्या काही तर एका फ्लॅटचे तुकडे करून काढलेल्या साडेचार-सहा चौरस मीटरच्या होत्या, नंतर साडेसात आणि नऊच्या झाल्या. संडास, न्हाणी आणि स्वयंपाकघर मजल्यावर सामाईक. जुलै १९७४ मध्ये फ्रान्सने कामगारांचं नवं स्थलांतर थांबवलं. आता एकदा गावी गेलो तर परत येता येणार नाही, या धास्तीने माणसं उलट इथेच टिकली. १९७५ ते १९८० भाड्याविरुद्ध मोठा संप झाला. १९९७ मध्ये जुन्या फोयेंची सामाजिक निवासस्थानं करण्याची योजना आली, ती अजून पुरी झालेली नाही. खोल्या तरुणांसाठीच राहिल्या, आतली माणसं म्हातारी झाली.

गिरणगावाची आठवण ज्यांना आहे त्यांना हे समजावायला नको. गावकरी मंडळाची खोली, खानावळ, मनीऑर्डर आणि गणपती-शिमग्याला गाव. फरक एवढाच, की कोकणातल्या चाकरमान्याला गावी जायला पासपोर्ट लागत नव्हता, आणि तो गावी किती दिवस राहिला हे कोणी मोजत नव्हतं.

आधी पासपोर्ट, मग पलंग

रुग्णालयाच्या फोननंतर धावपळ होते ती पलंगाची: मेडिकल बेड कुठून आणायचा, वॉकर कोण देणार. अनुभवी माणूस आधी पासपोर्ट मागतो. पैसा कुठे अडलाय हे कळल्याशिवाय खोलीही ठरत नाही आणि मदतनीसही ठरत नाही. नवी खोली द्यायची तर भाडं कोण भरणार, हाच पहिला प्रश्न असतो.

काकांची स्वतःच्या कष्टाची पेन्शन, मूळ आणि पूरक मिळून, महिना ६१० युरो. पन्नास वर्षं राबून एवढीच का, याचं उत्तर जुन्या पगारचिठ्ठ्यांत आहे. मधली कित्येक वर्षं उपकंत्राटदारांनी त्यांचं नाव विमा-खात्यावर चढवलंच नाही. ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांना सरकार ‘आस्पा’ नावाची भर देतं. ती मिळून एकट्या माणसाचं उत्पन्न २०२५ मध्ये १,०३४.२८ युरो होतं, म्हणजे काकांना दरमहा ४२४ युरो. यातून ते २५० युरो गावी पाठवत.

पेन्शन कमावलेली असल्यामुळे कुठेही राहून मिळते. आस्पा फक्त फ्रान्समध्ये राहणाऱ्याला. आणि ‘राहणं’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक खिडकीवर वेगळा आहे.

काकांच्या पासपोर्टवरचे मोरोक्कोचे शिक्के असे: २०२४ मध्ये ४ जानेवारी ते २० फेब्रुवारी, ४७ दिवस, मग १० जून ते ३० सप्टेंबर, ११२ दिवस. एकूण १५९ दिवस बाहेर, आणि वर्ष लीप असल्याने २०७ दिवस फ्रान्समध्ये. आता खिडक्या पाहू. सरकारी आरोग्यविम्याला वर्षात सहा महिने लागतात, तिथे काका पास. घरभाड्याच्या भत्त्याला, ज्याला सगळे ‘आपेएल’ म्हणतात, आठ महिने लागतात, म्हणजे साधारण २४४ दिवस. तिथे काका नापास. आस्पाला पूर्वी सहा महिने पुरायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून नऊ महिन्यांपेक्षा जास्त लागतात. तिथे काका दोन महिन्यांहून अधिक कमी पडतात.

काकांनी नियम मोडला नव्हता, त्यांनी जुना नियम पाळला होता. ‘सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे’ हे फोयेत वर्षानुवर्षं एकमेकांना सांगितलं गेलंय. मशिदीत, बसच्या रांगेत, कॅफेत ते पाठ झालंय. २०२३ चा बदल निवृत्तीवयाच्या गाजलेल्या सुधारणेबरोबर आला. टीव्हीवर चर्चा ६४ वर्षांची झाली, नऊ महिन्यांची नाही. अशा फायलींमध्ये फसवणूक शोधणाऱ्याला बहुतेक वेळा शिळी माहिती सापडते.

पत्रांची गोष्ट आणखी साधी. पेन्शन-कार्यालयाचं पहिलं पत्र सप्टेंबरमध्ये आलं: पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती एका महिन्यात पाठवा. काका तेव्हा अगादीरमध्ये होते. दुसरं ऑक्टोबरमध्ये आलं आणि सुपरमार्केटच्या जाहिरातींखाली डब्यात पडून राहिलं. काकांना फ्रेंच बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांची पत्रं वाचून देणारा दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी स्वतःच त्या वेळी गावी गेलेला. डिसेंबरमध्ये आस्पा थांबली. ११ जानेवारीला काका पडले. भाडं ते दर महिन्याला स्वतः कार्यालयात येऊन भरायचे, बँकेतून आपोआप जात नव्हतं. ते रुग्णालयात, म्हणजे भाडं नाही. थकबाकी ठरावीक मर्यादेपुढे गेली की फोये चालवणाऱ्या कंपनीला ती भत्ता-कार्यालयाला कळवावी लागते, आणि हप्त्यांचा करार झाला नाही तर आपेएलही धोक्यात येतो. एक न उघडलेला लिफाफा, आणि पाच महिन्यांत तीन खात्यांना भोक.

वसुलीचं पत्र वाचताना

मार्चमध्ये मागणी आली: २०२४ ची सगळी आस्पा परत करा. इथे घाईत तीन चुका होतात.

पहिली चूक, घाबरून फोनवर ‘हो, भरतो’ म्हणणं. दुसरी, मुदत चुकवणं. निर्णयाविरुद्ध त्याच कार्यालयाच्या सामोपचार समितीकडे दोन महिन्यांत लेखी जावं लागतं, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह. तिसरी सगळ्यांत महाग: ‘खोटी माहिती दिली’ अशा मजकुराखाली सही करणं. कर्ज माफ करायची विनंती गरीब माणसाला करता येते, पण एकदा फसवणुकीचा शिक्का बसला की ते दार बंद होतं आणि वसुलीचा काळही लांबतो. फसवणूक नसेल तर मागे दोन वर्षांपर्यंतच जाता येतं.

म्हणून एकाच लिफाफ्यात दोन वेगळी पत्रं जातात. एकात निर्णयावर आक्षेप. दुसऱ्यात, आक्षेप फेटाळला तरी, कर्जमाफीची विनंती, सोबत उत्पन्न-खर्चाचा तक्ता. दोन्ही एकाच पत्रात कालवली की समिती फक्त पहिल्या भागाला उत्तर देते.

काकांच्या बाजूने एक भक्कम कागद निघाला. जूनमध्ये ते २५ जुलैचं परतीचं तिकीट काढूनच गेले होते. तसे आले असते तर वर्षाची गैरहजेरी बरोबर ९२ दिवस झाली असती, अगदी काठावर. पण मधुमेहाच्या पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि अगादीरच्या रुग्णालयात मुक्काम पडला. आपेएलच्या नियमात आजारपणामुळे झालेल्या गैरहजेरीला स्पष्ट सूट आहे. रुग्णालयाचा दाखला, दाखल आणि डिस्चार्जच्या तारखा, न वापरलेलं तिकीट, एवढ्यावर आपेएल वाचला. आस्पाच्या समितीपुढे हेच कागद सूट म्हणून नव्हे, तर माणसाचा हेतू स्वच्छ होता याचा पुरावा म्हणून ठेवले. अर्धी रक्कम माफ झाली, उरलेली महिना ६० युरोंनी फेडायची. काका २०२५ मध्ये फ्रान्समध्येच होते, त्यामुळे चालू वर्षाची आस्पाही पुन्हा सुरू झाली.

मोरोक्कोतला दाखला मागताना तो फ्रेंचमध्येच मागावा. तिथले डॉक्टर तो सहज देतात. अरबी दाखल्याला न्यायालयमान्य भाषांतरकार लागतो आणि प्रत्येक पानाचे पैसे पडतात. जुना पासपोर्ट नूतनीकरणाला देण्याआधी त्याच्या पानन् पानाची प्रत काढून ठेवावी. शिक्के गेले की माणसाकडे उरतो फक्त त्याचा शब्द.

हे तपास निवडून कोणाचे होतात, हा वेगळा वाद. तुलूजमध्ये एका फोयेतल्या रहिवाशांची सरसकट तपासणी झाली तेव्हा भेदभावविरोधी प्राधिकरणाने २००९ मध्ये त्यावर बोट ठेवलं होतं. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने वृद्ध स्थलांतरितांवर अख्खा अहवाल दिला, ८२ शिफारशींचा. खिडकीवर बसणाऱ्यापर्यंत त्यातलं फार थोडं झिरपलं.

काका पडले कसे

रुग्णालयाच्या कागदावर लिहिलंय: ‘घरात घसरून पडले’. एवढ्यावर खोलीची दुरुस्ती ठरवली तर चुकीच्या जागी दांडी बसते. घराची पाहणी करणारी तज्ज्ञ, तिथे तिला एर्गोथेरपिस्ट म्हणतात, तिने काकांना विचारलं नाही ‘कसे पडलात’. तिने विचारलं, ‘पहाटे उठल्यावर काय काय करता ते क्रमाने सांगा.’ तेव्हा कळलं. नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायचे. खोलीत फक्त बेसिन. काका एका पायावर उभे राहून दुसरा पाय उचलून बेसिनमध्ये ठेवत. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेली, लिनोलियमवर पाणी सांडलेलं, आणि धरायला बेसिनची कड.

म्हणजे दांडी बेसिनजवळ लावून उपयोग नाही, उलट ती एका पायावर उभं राहायला उत्तेजनच देईल. गरज आहे ती बसून पाय धुण्याची: उंबरा नसलेला शॉवर, भिंतीला घट्ट बसवलेली घडीची बैठक, बसल्या जागी हाताला येईल असा हातशॉवर, आडवी दांडी जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटरवर, आणि संडासाची बैठक ४५ ते ५० सेंटिमीटर उंच. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर खोल बसणं धोक्याचं, म्हणून टीव्हीच्या खोलीतला खचलेला सोफा बाद, आणि नमाजही खुर्चीवर. खुर्चीवरचा नमाज धर्माला चालतो हे काकांना डॉक्टरने सांगून पटलं नाही. इमामाने एका वाक्यात पटवलं. अशा कामात इमामाचा फोन नंबर डॉक्टरच्या नंबराशेजारीच असावा.

आता ती खोली. अडीच मीटर बाय तीन. मेडिकल बेड चौकटीसह एक मीटर रुंद, समोरचं कपाट ६० सेंटिमीटर खोल, मध्ये उरतात ९० सेंटिमीटर. वॉकर शिरतो, पण वळत नाही. व्हीलचेअर वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं, ते इथे काढताच येत नाही. पलंग भिंतीला टेकवावा लागतो, म्हणजे नर्सला एकाच बाजूने काम. संडास मार्गिकेच्या टोकाला, १४ मीटरवर, मध्ये दोन पायऱ्या. आणि खाली रस्त्यापर्यंत ५४ पायऱ्या.

रुग्णालयाला ‘घर अयोग्य आहे’ असं कळवलं तर उत्तर येतं, सगळ्यांचीच घरं अयोग्य असतात. ५४ पायऱ्या, १४ मीटर, ९० सेंटिमीटर हे आकडे, सोबत चार फोटो आणि ‘तळमजल्यावरची खोली अमुक तारखेला मोकळी होते’ हे वाक्य असं पत्र त्याच दिवशी पाठवलं, तेव्हा सोमवारी घरी सोडणं दोन आठवडे पुढे गेलं. तारीख नसलेल्या विनंतीला रुग्णालय मान देत नाही, कारण त्यांचा पलंग अनिश्चित काळ अडतो.

‘हम्दुलिल्लाह’ने मोजलेलं परावलंबन

घरी मदतनीस हवा तर फ्रान्समध्ये माणसाचं परावलंबन एक ते सहा अशा गटांत मोजतात. या गटाला ‘जिर’ म्हणतात: एक म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला, सहा म्हणजे स्वतःचं सगळं स्वतः करणारा. साठीवरच्या एक ते चार गटातल्यांना ‘आपा’ हा भत्ता जिल्हा देतो. पाच-सहाला पेन्शन-कार्यालयाकडून थोडीशी घरकामाची मदत. मोजणी दहा गोष्टींवर होते: भान, दिशा-वेळेची जाण, अंघोळ, कपडे, खाणं, शौच, उठबस, घरात चालणं, बाहेर चालणं, फोन किंवा घंटीने मदत मागणं.

पहिली मोजणी रुग्णालयातच झाली, दुपारी तीनला. कपडे स्वतः घालता का? ‘हम्दुलिल्लाह.’ अंघोळ? ‘हम्दुलिल्लाह.’ जेवण? हसून मान हलवली. निकाल: जिर पाच.

काका खोटं बोलत नव्हते. परक्या बाईपुढे, आजूबाजूला तीन रोगी ऐकत असताना, या वयाचा माणूस ‘मला चड्डी चढवता येत नाही’ असं सांगत नाही. देवाचे आभार मानतो आणि विषय संपवतो. दुभाषा बसवला तरी हे बदलत नाही. दुभाषा गावचा निघाला तर उलट बिघडतं, कारण बातमी गावात पोचते.

फेरमोजणी मागितली आणि वेळ मुद्दाम सकाळी आठची घेतली, राहत्या खोलीत. प्रश्न नाहीत, फक्त ‘तुम्ही आवरा, मी थांबते’. काकांनी शर्ट घातला, बटणं लावली. मग मोजा हातात घेतला. वाकता येईना. मोजा जमिनीवर टाकला, पायाची बोटं त्यात घालायचा प्रयत्न केला, पायाला मोजा लागतोय की फरशी हे कळेना, म्हणून खाली बघत राहिले. काठीच्या टोकाने मोजा ओढला. अकरा मिनिटं गेली आणि मोजा टाचेपाशी अडकला. मग मोज्याशिवायच पायात चप्पल सरकवून काका म्हणाले, ‘झालं.’ मधुमेहाच्या जखम झालेल्या पायात, मार्च महिन्यात, उघडी चप्पल. निकाल: जिर चार.

आपाचा निर्णय पूर्ण अर्ज पोचल्यापासून दोन महिन्यांत यायला हवा. मधल्या काळासाठी रुग्णालयातून घरी परतणाऱ्यांना पेन्शन-कार्यालयाची तीन महिन्यांपर्यंतची मदत असते, पण ती रुग्णालयातून निघायच्या आधी मागावी लागते. घरी आल्यावर मागितली की बरेचदा उशीर झालेला असतो.

मदत मंजूर झाली की आणखी एक गफलत होते. मंजूर तास नेहमीच्या सवयीने ‘घराची साफसफाई’ म्हणून लिहिले जातात. काकांना पुढे तळमजल्यावर मिळालेल्या चौदा चौरस मीटरच्या खोलीत आठवड्याला सहा तास साफ काय करणार? मदतनीस वीस मिनिटांत मोकळी होते, काका तिला चहा पाजतात, दोघं टीव्ही बघतात, आणि वर्षअखेरीस अहवालात ‘गरज नाही’ म्हणून तास कापले जातात. आराखड्यात सुरुवातीलाच लिहून घ्यावं: बाजारहाट, स्वयंपाक, दवाखान्यात सोबत, पत्रं उघडून वाचून दाखवणं. अंघोळीसाठी पुरुष परिचारक मागायचा तर तेही लेखी. तोंडी मागितलं तर पहिल्या दिवशी बाई येते, काका दार उघडत नाहीत, आणि फाइलवर ‘मदत नाकारली’ अशी नोंद पडते.

फोये म्हणजे घर की संस्था, यावर काही एजन्सी अडून बसतात. कायद्याने ते रहिवाशाचं घरच आहे, दाराची किल्ली त्याच्याकडे असते. इन्सुलिनचा न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत लागतो. सामाईक फ्रिजमध्ये तो ठेवू नये. तिथे गर्दीत कोणीतरी तो बर्फाच्या कप्प्यात ढकलतं, आणि गोठलेलं इन्सुलिन बाद होतं. खोलीत छोटा फ्रिज हवाच. त्या वर्षी रमजान १ मार्चला सुरू झाला. ‘उपास करू नका’ एवढं सांगून भागत नाही. आजाऱ्याने उपासाऐवजी रोज एका गरिबाला जेवू घालण्याची मुभा आहे हे माहीत असणारा सल्लागार लागतो, नाहीतर माणूस गुपचूप उपास करतो आणि दुपारी साखर उतरून पडतो.

वृद्धाश्रम का नको

काकांनी वृद्धाश्रमाला नकार दिला तेव्हा फाइलवर पहिलं कारण लिहिलं गेलं: ‘सांस्कृतिक, हलाल जेवण’. ही नोंद वाचून अनुभवी माणसाला हसू येतं. खरं कारण गणितात आहे. तिथला खर्च जिल्ह्याच्या मदतीने भागवायचा तर रहिवाशाच्या उत्पन्नाचा ९० टक्के हिस्सा संस्था घेते. हाती किमान रक्कम उरते ती आस्पाच्या वार्षिक रकमेच्या शंभराव्या भागाइतकी, २०२५ मध्ये महिना सुमारे १२४ युरो. गावी जाणारे २५० युरो गेले. मोरोक्कोतल्या मुलांना उत्पन्नाचे फॉर्म भरायला लावतात, ते वेगळंच. ज्या माणसाने ५४ वर्षं पैसे पाठवले म्हणूनच तो घरचा कर्ता आहे, त्याला आपण जेवणावरून अडलाय असं समजतो.

कायमचं गावी का जात नाहीत, हाही प्रश्न येतोच. १९९८ पासून निवृत्तांसाठी दहा वर्षांचं खास ओळखपत्र आहे. ते घेतलं की ये-जा मोकळी, पण निवास फ्रान्सबाहेरचा धरला जातो: आस्पा नाही, आपेएल नाही, आणि इथले उपचार मर्यादित, तेही पंधरा वर्षांची वर्गणी भरलेल्यालाच. अनेकांनी नाव वाचून ते आनंदाने घेतलं आणि मग कळलं की काय सोडून बसलो. खिडकीवर कोणी ‘तुमच्यासाठी सोपं कार्ड आहे’ म्हणालं तर सही करण्याआधी थांबावं. दुसरा रस्ता खास फोयेतल्या वृद्धांसाठीच्या भत्त्याचा. २००७ च्या कायद्यात त्याची तरतूद झाली आणि प्रत्यक्षात तो मिळू लागला १ जानेवारी २०१६ पासून, नऊ वर्षांनी. तो घेतला की बाकीचे भत्ते सुटतात आणि वर्षातला निम्म्याहून अधिक काळ मूळ देशात काढावा लागतो. काकांचा हाडाचा डॉक्टर, पायाचा डॉक्टर आणि डोळ्यांचा डॉक्टर तिघे इथे. त्यांना तो लागू पडला नाही. अशांपैकी बहुतेकांना पडत नाही.

चार किलोमीटरवरच्या नव्या इमारतीत वीस चौरस मीटरचा स्टुडिओ मोकळा होता. स्वतःची चूल, स्वतःची न्हाणी, लिफ्ट. कागदावर उत्तम. पण जुन्या फोयेत काका आणखी चौघांसोबत गटाने जेवत: दोघं बाजार करणार, एक रांधणार, एक भांडी. काका वर्गणी देत आणि कांदा चिरत. स्टुडिओत गेल्यावर हा गट तुटतो, आणि एकट्या मधुमेही म्हाताऱ्याचं जेवण पाव-चहावर येतं. शेवटी त्याच फोयेच्या तळमजल्यावर, दोन जुन्या खोल्या जोडून केलेली चौदा चौरस मीटरची खोली मिळवली. भाडं ३८५ वरून ४५५ झालं, आपेएल थोडा वाढला. गट तिसऱ्या मजल्यावरच रांधतो, पण आता ताट खाली येतं. कांदाही खाली येतो, चिरायला.

जे अजून लोंबकळतंय

दाराच्या आतल्या बाजूला आता एक मोठं कॅलेंडर आहे. बाहेरचा प्रत्येक दिवस लाल, आणि वर्षाची मर्यादा ९० धरलेली, काठाच्या थोडी आत. २०२६ साठी दोन फेऱ्या ठरल्या आहेत, ४५ आणि ४० दिवसांच्या. तिकीट परतीसह, आणि जाण्याआधी त्याची प्रत कार्यालयात. भाडं बँकेतून आपोआप जातं. पत्रं उघडायचं लेखी अधिकारपत्र सामाजिक कार्यकर्तीकडे आहे, आणि ऑनलाइन खात्यांसाठी ‘एदाँ कनेक्ट’ या सरकारी सोयीतून मुदतीचा अधिकार घेतलाय. काकांचा पासवर्ड वहीत लिहून ठेवणं, जे सर्रास चालतं, ते कायद्यात बसत नाही आणि भांडण झालं तर कार्यकर्त्याच्याच अंगाशी येतं.

मृतदेह गावी नेण्याचा विमा काकांनी तीस वर्षांपूर्वीच मोरोक्कन बँकेत काढलाय. या बाबतीत ही पिढी आपल्यापेक्षा पुढे आहे. फक्त त्याचं कार्ड कुठे आहे ते शेजाऱ्याला माहीत हवं.

राहिली बायकोची पेन्शन. नवरा गेल्यावर विधवेला मूळ पेन्शनच्या ५४ टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळू शकतो, वयाच्या ५५ नंतर, उत्पन्नाच्या मर्यादेत, आणि मोरोक्कोत राहूनही. पण तो आपोआप येत नाही, मागावा लागतो. काकांच्या फ्रेंच कागदांवर जन्मसाल १९४६ आहे, महिना-दिवस नाही. लग्नाच्या दाखल्यावर आडनाव वेगळ्या स्पेलिंगने. बायकोच्या ओळखपत्रावर नवऱ्याचं नाव तिसऱ्याच तऱ्हेने. तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असा दाखला गावच्या कचेरीतून काढावा लागतो, आणि तो माणूस जिवंत असताना, स्वतः समोर उभा राहून काढला तर एका सकाळचं काम आहे. पुढच्या ४५ दिवसांच्या फेरीत पहिल्या आठवड्यातच तो काढायचा, असं कॅलेंडरवर हिरव्या शाईने लिहिलंय.